हाताचा माग

चादरींच्या खोलीला खिडकी नव्हती, म्हणून मोनिकानं प्रशिक्षणातली शेवटची गंमत त्या खोलीत ठेवली होती. दवाखान्यातल्या सफाई करणाऱ्या सगळ्या मावश्या आत आल्या, दार लागलं, तिनं दिवा घालवला आणि निळी बॅटरी पेटवली. सकाळी कुणी यायच्या आधी तिनं वॉर्डातल्या खाटांच्या कठड्यांना, नळांना, दारांच्या मुठींना आणि नवजात बाळांच्या खोलीतल्या रिकाम्या काचेच्या पेटीच्या खटक्याला एक पावडर चोळून ठेवली होती. ही पावडर साध्या डोळ्यांना दिसत नाही, निळ्या उजेडात मात्र हिरवट चमकते. नीट पुसली तर जाते, नाहीतर हाताला लागते आणि हात जिथे जाईल तिथे तीही जाते. आता सगळ्यांचे हात पुढे आले होते आणि नखांच्या कडा, बांगड्यांखालची जागा, कुणाच्या ॲप्रनचा खिसा असं काय काय उजळत होतं. बायका एकमेकींना कोपरानं ढोसून हसत होत्या. बॅटरी फिरवत फिरवत मोनिका मागच्या लोखंडी कपाटापर्यंत गेली. कपाटाच्या दाराला आरसा आहे हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या आरशात तिला तिचं स्वतःचं तोंड दिसलं, आणि कपाळाच्या मधोमध, टिकली लावतात त्याच्या जरा वर, एक बोट उमटलेलं दिसलं. तिनं घाईनं बॅटरी बंद केली.

अंधारात मावश्या तशाच उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, हेही कार्यक्रमातलंच असेल. मोनिकाला मात्र एकदम कुतूहल वाटलं, आणि कुतूहलाच्या पोटात थोडी भीतीही. कंपनीचं नवं जंतुनाशक औषध घेऊन ती संगमनेरपासून श्रीगोंद्यापर्यंत किती दवाखाने फिरली होती. पाण्यात गोळी कशी विरघळवायची, एका खाटेचं फडकं दुसऱ्या खाटेला का न्यायचं नाही, पुसल्यावर पृष्ठभाग थोडा वेळ ओलाच का ठेवायचा, हे ती झोपेतही सांगू शकली असती. या शेवटच्या गोष्टीशी बायकांचं सगळीकडे भांडण व्हायचं. ओलं ठेवलं म्हणजे काम अर्धवट टाकलं असं त्यांना वाटायचं आणि मोनिकाची पाठ फिरली की त्या पटकन कोरडं करून टाकायच्या. हे सगळं तिला पाठ होतं. पण इतक्या ठिकाणी इतक्यांच्या हातांवर उजेड पाडताना तो स्वतःवर पाडून बघावा असं तिला एकदाही सुचलं नव्हतं. तिनं पुन्हा बॅटरी लावली आणि या वेळी हातांच्या ऐवजी तोंडांवर धरली. बहुतेक सगळ्यांच्या कपाळावर काही ना काही चमकत होतं. कुणाच्या कपाळावर ठिपका होता, कुणाच्या फराटा, एकीच्या तर गळ्याशीही होतं.

दिवा लावून तिनं कारण विचारलं तेव्हा बायका आधी लाजल्या. मग पुष्पावती बोलली. ही खर्ड्याकडची, बाहेरच्या वॉर्डाचे संडास-बाथरूम तिच्याकडे. ती म्हणाली की काम करताना बादलीला पाय लागतो, झाडूला लागतो, कधी खाटेवरच्या पेशंटला लागतो, मग हात लावून कपाळाला लावायचा, त्यात विचारायचं काय. मोनिकाला हसू आलं. कंपनीच्या पुस्तकात हात कुठे कुठे जातो त्याची चित्रं होती, नाक होतं, डोळे होते, मोबाईल होता, पण बादलीला नमस्कार नव्हता. फरशी, पाय, हात, कपाळ आणि तिथून परत हात. इतका सरळ रस्ता पुस्तक लिहिणाऱ्याला दिसला नव्हता, कारण त्याच्या देशात बादलीला पाय लागला तर बादली बाजूला सरकवत असतील. बनुबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या नवजात बाळांच्या खोलीत काम करायच्या, खोली सुरू झाल्यापासून. त्यांच्या कपाळावर सगळ्यांत जास्त चमकत होतं. त्या म्हणाल्या, "पेटीत हात घालायच्या आधी पाया पडते मी. लेकराचं घर हाय ते. तसाच हात कसा घालायचा?"

यातूनच पुढचं सगळं झालं. मघाशी खोलीत येण्याआधी मोनिकानं बनुबाईंनी पुसलेली पेटी बॅटरी मारून तपासली होती. बाहेरचा खटका स्वच्छ होता, पण पेटीच्या आतल्या काठावर, जिथे बाळाचं डोकं येतं तिथे, एक लांब हिरवट रेघ होती. तेव्हा तिला ती रेघ कळली नव्हती. आता कळली. खटक्याचा हात कपाळाला आणि कपाळाचा हात पेटीत. ती डॉक्टर तुषार गाडे यांच्या केबिनमध्ये गेली आणि जे दिसलं ते सांगितलं. गेल्या महिन्यात दोन बाळांना जंतुसंसर्ग झाला होता, बाळं वाचली, पण डॉक्टर तेव्हापासून धास्तावलेले होते. ते म्हणाले, बनुबाईंना सोमवारपासून बाहेरच्या वॉर्डात टाकू, आत कोण चालेल ते तुम्ही सांगा. मोनिकानं क्षणभरही न थांबता पुष्पावतीचं नाव सांगितलं. तिचं काम खरंच चोख होतं. खाली येऊन तिनं पुष्पावतीला सांगितलं तेव्हा पुष्पावतीनं हातातला मॉप भिंतीला टेकवला, दोन्ही हात ॲप्रनला पुसले, परत पुसले आणि विचारलं, "आत म्हंजे एसीत? लेकरांपशी?" तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मोनिकाला इतका आनंद झाला की जिना चढताना तिला धाप लागलेली कळली नाही. कुणाचं भलं केलं की बरं वाटतंच, पण हा आनंद त्याहून मोठा होता आणि तो नेमका कुठून आला हे तिला बघायचं होतं.

मोनिकाची आजी गोजरबाई सरकारी दवाखान्यात झाडलोट करायची. नोकरीची सगळी वर्षं तिनं बाहेर काढली. मोऱ्या, संडास, मागची गटारं. आत, ऑपरेशनच्या खोलीत किंवा बाळंतिणींच्या खोलीत पुसायला ज्या बायका होत्या त्या वेगळ्या होत्या, त्यांची आडनावं वेगळी होती. हे कुणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं, पण कुणी चुकतही नव्हतं. आजी त्याबद्दल तक्रार करायची नाही, फक्त घरी आली की मोनिकाला जवळ घेण्याआधी नळाखाली कोपरापर्यंत हात धूत बसायची, आणि लहान मोनिका तिच्या शेजारी उकिडवी बसून त्या साबणाच्या फेसाकडे बघत राहायची. आजोबा सहादूंनी तरुणपणीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, घरात दगडाला, झाडाला, कशाला हात जोडायचे नाहीत. एकदा मोनिकाचा पाय पुस्तकाला लागला आणि शाळेतल्या मैत्रिणींचं बघून तिनं पुस्तकाला हात लावून कपाळाला नेला, तर आजोबा म्हणाले, पुस्तकाला माती लागली असेल तर पुस्तक पूस, कपाळाला कशाला लावतेस. त्यानंतर तिनं तसं कधी केलं नव्हतं, निदान तिला तसं वाटत होतं. मग तिच्या कपाळावर ते बोट आलं कुठून?

संध्याकाळी गेटपाशी बनुबाई तिची वाट बघत उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला, पिशवी छातीशी धरलेली. त्यांनी आधी मोनिकाला चहा घेणार का विचारलं, मग मुलाबाळांची चौकशी केली, आणि मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "मला बाहेर नका टाकू म्याडम. काष्टीत घरी शेती हाय आमची, वाटेकऱ्याकडं. दीराला, नातेवाइकांला सांगितलंय, लहान लेकरांच्या खोलीत कामाला हाय. संडास धुती म्हनून कळलं तर तोंड दाखवायला जागा न्हाई. आमच्यात असलं काम करत न्हाईत." यात त्यांचा काही डाव नव्हता. मोनिकाचं आडनाव त्यांना माहीत नव्हतं असंही नाही. त्यांना फक्त सुचलं नाही. शेवटचं वाक्य त्यांनी अगदी काकुळतीनं म्हटलं होतं आणि तेच मोनिकाला लागलं. ती म्हणाली की हे कामाच्या तपासणीवर ठरलं आहे, जातीवर नाही. हे बोलताना तिचा आवाज इतका शांत होता की तिचा तिलाच संशय आला.

घरी, सावेडीत, तिचा नवरा रविराज भाजी चिरत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं, गेटपाशी झालेलं बोलणं सोडून. तो म्हणाला, आता तू घरातसुद्धा बॅटरी मारत फिरशील, मला आंघोळ करून येऊ दे. ती हसली, पण जेवताना तिचं लक्ष स्वतःच्या उजव्या हातावर होतं. तो भाकरी मोडत होता, ताटाच्या कडेवरून फिरत होता, मधेच कानामागे जाऊन आला. हे कानामागचं तिनं ठरवलेलं नव्हतं. हात आपला आहे असं आपण म्हणतो, पण दिवसभरात तो कुठे जातो, कुणाला शिवतो, काय उचलतो, यातलं आपल्याला किती ठाऊक असतं? बनुबाईंच्या हाताबद्दल तिनं आज छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. तिला पुष्पावतीचा चेहरा आठवला, मग आजीचे साबणातले हात, आणि मग ती रेघ. त्या रेघेनं तिला उगाचच अस्वस्थ केलं. बनुबाई औषधाचं फडकं घेऊन चारही काठ फिरवतात हे तिनं काचेतून स्वतः बघितलं होतं. मग पुसणाऱ्या हातानंच तिथे रेघ कशी राहिली?

दुसऱ्या दिवशी ती लवकर गेली आणि या वेळी पावडर कुठेच लावली नाही, फक्त स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटांना चोळली. याची तिला जराशी लाज वाटली, चोरून चिंच खाताना वाटते तशी. मग तिनं रोजचा दिवस केला. टोपी घातली, वॉर्डातून फिरली, फडक्याच्या घड्या कशा घालायच्या ते नवीन मुलीला दाखवलं, एकीला ओरडली, एकीला शाबासकी दिली. बनुबाई आल्या, तिच्याकडे न बघता त्यांनी रिकामी पेटी पुसली. आज त्यांनी पेटीला हात लावून कपाळाला नेला नाही; हात अर्ध्यात वर आला आणि मग त्यांनी तो ॲप्रनच्या दोरीत अडकवून ठेवला. पेटी ओली ठेवून त्या गेल्या. ती सुकल्यावर मोनिकानं नेहमीप्रमाणे ती बघून घेतली, खोलीचे पडदे ओढले, दिवा घालवला आणि बॅटरी लावली.

आधी तिनं स्वतःचं कपाळ बघितलं, मोबाईलच्या काळ्या काचेत. ते बोट होतं, कालच्याच जागी. त्याचा उलगडा तिला लगेच झाला आणि ती थोडी हिरमुसली: टोपीचं इलॅस्टिक सैल होतं, ते खाली घसरलं की ती मधल्या बोटानं वर ढकलायची. कालपासून जे कोडं पडलं होतं ते एवढ्यावर सुटलं. मग तिनं उजेड पेटीवर धरला. आतल्या काठावर, बाळाचं डोकं येतं तिथे, एक लांब हिरवट रेघ होती.

ती रेघेकडे बघत राहिली. आज खटक्याला पावडर नव्हती. बनुबाईंच्या हाताला नव्हती. जगात आज ती फक्त एका हाताला होती. आणि मग तिला तो हात आठवला नाही, दिसला: पेटी बघून घेताना झाकण उचलून काठावरून बोट फिरवणारा. धूळ आहे का बघायला. आई फडताळावरून फिरवायची तसं, सासू तिच्या स्वयंपाकघरात ओट्यावरून फिरवते तसं. इतकी महागाची बॅटरी हातात असताना ती आधी बोट फिरवूनच बघत होती, रोज, प्रत्येक दवाखान्यात, आणि काल त्याच हातानं सकाळी पावडर चोळलेली होती. हात धुवायचा, हातमोजा बदलायचा, हे ती सगळ्यांना शिकवते. तिला हसूही येईना आणि रडूही येईना. नगरच्या एका दवाखान्यात, एका रिकाम्या पेटीसमोर, ती स्वतःच्या बोटाच्या रेघेकडे एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती आणि तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं, की हा हात तिला न विचारता आणखी काय काय करत असेल.

दिवा लावल्यावर पहिला विचार आला तो हा, की हे कुणालाच कळणार नाही. फडकं घेऊन एकदा पुसलं की झालं. बनुबाईंच्या कपाळावर तर चमकत होतंच, ते खोटं नव्हतं, पेटीला नमस्कार करून हात आत घालणं चूक होतंच. सोमवारपासून पुष्पावती आत येईल. आजीला जे कधी मिळालं नाही ते कुणाला तरी मिळेल, आणि ज्यांच्यात असलं काम करत नाहीत त्यांनाही कळेल ते काम कसं असतं. हे शेवटचं मनात स्पष्ट उमटलं तेव्हा तिला कालच्या आनंदाचा उगम सापडला. तो सापडला याचं तिला दुःख झालं नाही, उलट जरा हायसं वाटलं, दुखणाऱ्या दातावर जीभ नेमकी पोचावी तसं. आजीच्या वतीनं राग धरायचा तिला हक्क होता, आणि तो राग ती सोडणारही नव्हती. पण रेघ तिची होती. तिच्या बोटाच्या जोरावर एका बाईचं काम काढून घ्यायचं आणि त्याला तपासणी म्हणायचं, हे आजोबांना चाललं असतं का, असं क्षणभर तिच्या मनात आलं. आजोबा कशाला, तिलाच ते चालेना. ती जिना चढून डॉक्टर गाडेंच्या केबिनपाशी गेली, परत आली, पाणी प्यायली आणि पुन्हा वर गेली.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. त्यांना तिचा राग आला नाही, सुटका झाल्यासारखं वाटलं. म्हणजे बनुबाई आत राहू देत, ते म्हणाले, बरंच झालं, त्या बाहेर गेल्या असत्या तर काम सोडूनच गेल्या असत्या, आणि पुष्पावतीचं काय, तिला बाहेरची सवय आहे, तिचं काही म्हणणं नसतं. ते हे अगदी सहज म्हणाले आणि समोरचे कागद ओढून घेतले. मोनिका खुर्चीवरून उठली नाही. आपण काय बोलणार आहोत हे तिलाही ठाऊक नव्हतं, आणि ती कुतूहलानं स्वतःचंच वाक्य ऐकत राहिली. ती म्हणाली, "सर, पाळी लावा. सगळ्यांनी आतही आणि सगळ्यांनी बाहेरही. औषध दोन्हीकडे एकच आहे, फडकी तेवढी वेगळी." डॉक्टर म्हणाले, बनुबाई ऐकायच्या नाहीत. मोनिका म्हणाली, मी विचारते. पाळी लावणार नसाल तर कंपनीकडून या दवाखान्याचं प्रशिक्षण पूर्ण झालं म्हणून मी सही करणार नाही. असा काही अधिकार तिला खरंच होता की नाही याची तिला खात्री नव्हती, पण डॉक्टरांनाही ती नव्हती.

तिनं दोघींना एकत्र बोलावून सांगितलं. रेघ माझ्या बोटाची होती, हे आधी. मग पाळीचं. पुष्पावती पहिलं वाक्य ऐकूनच खाली बघायला लागली होती. "मला वाटलंच हुतं," ती म्हणाली, "घरी सांगितलं न्हवतं मी अजून." पाळीचं ऐकून तिनं मान वर केली आणि ती बनुबाईंकडे बघायला लागली. बनुबाई मोनिकाच्या उजव्या हाताकडे बघत होत्या. त्यांना बरं वाटल्याचं दिसत नव्हतं, चिडल्याचंही नाही. "माझं न्हवतं तर मंग मला का बाहेर?" एवढं त्यांनी विचारलं. मोनिका म्हणाली की बाहेर ही शिक्षा नाही, कुणाला तरी ते रोज करावं लागतं, आजवर एकीनंच केलं. बनुबाईंनी पिशवी उचलली आणि त्या वेळेआधीच निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. डॉक्टर मोनिकाला जिन्यात भेटले तेव्हा नुसते भुवया उंचावून गेले. आपण बनुबाईंना न्याय दिला की आजीचा वचपा काढला, हा प्रश्न मोनिका त्या दोन दिवसांत पुन्हा पुन्हा उचलून बघत होती. दोन्ही खरं असू शकतं, असं तिला वाटायचं, आणि मग तेही पटायचं नाही.

सोमवारी ती वॉर्डाच्या टोकाला उभी होती. पुष्पावती आत, नवजात बाळांच्या खोलीत जायच्या आधी कोपरापर्यंत हात धूत होती, सावकाश, अगदी निवांतपणे. तेवढ्यात बनुबाई आल्या. पदर कानामागे खोचलेला, चेहरा ओढलेला. त्यांनी बाहेरच्या वॉर्डाची बादली घेतली, लाल फडकी घेतली, पाण्यात गोळी टाकून ती विरघळेपर्यंत बघत थांबल्या आणि संडासाच्या दारापर्यंत गेल्या. तिथे त्या थबकल्या. किती तरी वेळ त्यांची पाठ तेवढी दिसत होती आणि आता त्या बादली खाली ठेवून गेटकडे चालायला लागतील असं मोनिकाला वाटलं. तिनं पुढे व्हायला पाऊल उचललं आणि परत मागे घेतलं. बनुबाई वळल्या. त्यांनी मोनिकाकडे बघितलं नाही. त्यांनी नळापाशी उभ्या असलेल्या पुष्पावतीला हाक मारली, "पुष्पाबाई."

या दवाखान्यात आजवर पुष्पावतीला कुणी बाई म्हटलेलं मोनिकानं ऐकलं नव्हतं. पुष्पावतीनंही ऐकलं नसावं, कारण तिनं आधी मागे वळून बघितलं.

"कुठनं सुरू करू?" बनुबाईंनी विचारलं.

पुष्पावतीनं नळ बंद केला आणि ओले हात तसेच पुढे धरून ती तिकडे गेली. "आधी दाराची कडी," ती म्हणाली. "तिला समदे हात लावत्यात. मंग आत."